तारेवरची दुसरी किल्ली

तुमचा नंबर माझ्या मागे आहे ना? मग बसा निवांत. लाइट गेली की इथलं काम तसंही रेंगाळतं. आत डॉक्टरबाईंच्या टेबलावर इन्व्हर्टरचा एक बल्ब चालतो आणि बाहेर आपल्या वाट्याला कंपाउंडरने ठेवलेला हा चार्जिंगचा दिवा. त्याचा उजेड आपल्या गुडघ्यांपर्यंत येतो आणि तिथेच दमतो.

मी आज किरकोळ कामाला आलोय. शेवटची तपासणी आहे. रक्तदाब बघायचा, जीभ दाखवायची, ‘आता यायची गरज नाही’ हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं आणि घरी जायचं. एकटाच येणार होतो, पण चपला घालताना ताई म्हणाली, मीही येते. ती बघा, समोरच्या बाकावर, दाराजवळ, जांभळी शाल पांघरून बसली आहे ती. माझी थोरली बहीण. ती तिथे आणि मी इथे का बसलोय, असं तुमच्या मनात आलं असेल. तिच्या शेजारची जागाही रिकामीच आहे. मघाशी एक आजोबा तिथे टेकायला गेले, तर तिने पटकन जागेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, आहे इथे. आजोबा त्यांचा नंबर येईपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले.

हे सगळं तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा खिसा मला दिसला. हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे तुम्हाला ती गोळ्यांची पट्टी नीट ठेवता आलेली नाही, अर्धी बाहेर डोकावतेय. पांढऱ्या गोळ्या, मधोमध रेघ. मी ती अंधारातही ओळखेन. घाबरू नका, मागणार नाही. घेऊ नका असंही म्हणणार नाही. मोडलेलं हाड दुखतं, दुखलं की घ्यावी लागते. बाई सांगतील तेवढी आणि सांगतील तोवर घ्या. मला फक्त कोणाला तरी सांगून मोकळं व्हायचंय, आणि ताईशी बोलण्यात आता काही अर्थ उरलेला नाही.

माझा धंदा कुलपांचा. खाली दुकान, वर आम्ही दोघं भावंडं. ताई शाळेत शिवण शिकवते आणि दुपारपर्यंत घरी येते. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं हिनेच केलं. माझ्या डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागले तरी हिच्या लेखी मी अजून छोट्याच आहे. चारचौघांतही तीच हाक मारते. गिऱ्हाइकं हसतात, पण मला कधी राग आला नाही.

ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो त्यांचा एक कडक नियम होता. कुलपाला एकच किल्ली कधी करायची नाही. दोन करायच्या. एक गिऱ्हाइकाला द्यायची, दुसरी दुकानातल्या तारेवर हुकाला अडकवायची, गिऱ्हाइकाची काहीतरी खूण बांधून. म्हणजे किल्ली हरवली तर माणूस धावत आपल्याकडे येतो, कुलूप फोडत बसत नाही. फोडलेलं कुलूप बघणं उस्तादांच्या फार जिवावर यायचं. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांच्या किल्ल्या आजही माझ्या दुकानात लटकतात आणि सगळे रात्री बिनघोर झोपतात. विश्वास म्हणतात तो हाच. नियमाचा दुसरा भाग असा, की तारेवर रिकामा हूक राहू द्यायचा नाही. हूक लावला की त्याच दिवशी किल्ली अडकवायची. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या वयात कारणं विचारली की कानाखाली बसायची.

तर मी पडलो. एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीचं कुलूप उघडत होतो, शिडी सरकली आणि मी खालच्या फरशीवर पाठीवर आदळलो. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि या गोळ्या लिहून दिल्या. पहिली गोळी घेतली त्या संध्याकाळी दुखणं असं काही निघून गेलं, की वाटलं, ते माझं नव्हतंच. पुढे ते परत यायला लागलं, पण नेमकं गोळीची वेळ झाली की. जेवणाच्या वेळेला टपकणारे पाहुणे असतात ना, तसं. चिठ्ठी लिहिताना त्या डॉक्टरांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. मी भरवसा ठेवला. एक दिवस त्यांनी चिठ्ठी द्यायची बंद केली, तेव्हा मी दुसरे डॉक्टर शोधले, मग तिसरे. कमरेला हात लावून, जरासं वाकून आत शिरायचं मला छान जमायला लागलं होतं.

ताईला कळलं ते माझ्या हातांमुळे. एकाच कुलपाची किल्ली मी पुन्हा पुन्हा वाया घालवत होतो आणि ती दुकानाच्या दारात उभी राहून बघत होती. माझ्या पिशवीतून, कोटाच्या अस्तरातून, अवजारांच्या पेटीतून एकेक पट्टी काढून तिने टेबलावर मांडली आणि दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून इथे आणलं.

या डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीचा फोटो उजेडासमोर धरला. मला उठवलं, बसवलं, वाकवलं, ठिकठिकाणी दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, “तुमची पाठ केव्हाच बरी झाली आहे.”

“मग दुखतंय कोणाचं?” मी विचारलं.

मी चिडून विचारलं होतं. त्या हसल्या आणि शांतपणे समजावून सांगायला लागल्या. शरीराला गोळीची सवय लागली आहे, गोळी मिळावी म्हणून ते दुखून दाखवतं. एकदम तोडायची नाही, थोडी थोडी कमी करत न्यायची. त्रास होईल, पण झेपेल एवढाच होईल, आणि तो संपतो. तोवर गोळ्या ताईच्या ताब्यात राहू देत. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त तो माझा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून गेला नाही.

घरी आल्यावर मी एक लोखंडी डबा घेतला आणि त्याला स्वतःच्या हाताने कुलूप केलं. असं कुलूप, की मलाही तारेने उघडता येऊ नये. माझ्याच बोटांना मी ओळखून होतो. आणि आयुष्यात पहिल्यांदा किल्ली एकच कापली. ती काळ्या दोऱ्यात ओवून ताईच्या गळ्यात घातली. तिला म्हणालो, “मी रडेन, पाया पडेन, तुला नाही नाही ते बोलेन. तरी जास्तीची द्यायची नाहीस.”

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “नाही देणार, छोट्या.”

किल्ली एकच केली खरी, पण हात सवयीने चालत होते. दुकान आवरताना मी तारेवर नवा हूक लावला, खूण म्हणून ताईच्या शिवणातला लाल दोरा बांधला आणि अडकवायला दुसरी किल्ली चाचपडू लागलो. ती नाहीच, हे लक्षात आल्यावर स्वतःशीच हसलो. हूक काढायचा मात्र राहून गेला. कुलूपवाल्याशिवाय ही चूक दुसरा कोणी करणार नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते तुम्हाला काय सांगू. नाकाडोळ्यांतून पाणी थांबेना. जांभया अशा, की जबडा निखळेल. अंगावर काटा आणि खाली चादर घामाने चिंब. पोटात काही ठरत नव्हतं. सगळ्यांत वाईट पाय. ते माझे राहिलेच नव्हते, पलंगावर आपले आपण झाडत राहायचे. आणि कंबर! तुटून पडतेय की काय असं वाटायचं. बाई म्हणाल्या होत्या झेपेल एवढाच त्रास होईल, आणि मला तो झेपत नव्हता. मला वाटलं, मीच लेचापेचा आहे. ताई वेळच्या वेळी गोळी आणून द्यायची, पण ती फार लवकर अर्धी झाली, मग पाव. इतक्या लवकर कशी, असं मी एकदा विचारलंही. डॉक्टरांनी सांगितलंय, असं म्हणून तिने पाण्याचा पेला पुढे केला. मी प्यालो.

एका दुपारी मी असाच पडलो होतो. ताई खिडकीपाशी बसून फ्रॉकला बाही जोडत होती. खिडकीच्या गजांचं ऊन जमिनीवरून हळूहळू सरकत होतं. सगळी गल्ली झोपलेली. आणि खालून, दुकानातून, किल्ली घासायच्या कानशीचा आवाज यायला लागला.

दोन लांब, एक आखूड. दोन लांब, एक आखूड…

ताईच्या हातातली सुई थांबली.

“दुकानात कोण आहे?” मी विचारलं.

“दुकान बंद आहे,” ती म्हणाली.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत ऐकत राहिलो. बाहेरच्या माणसाला प्रत्येकाची कानस सारखीच वाटते, पण तसं नसतं. माणसाची चाल जशी ओळखता येते तशी कानस ओळखता येते. उस्तादांची तीन सारखी वाजायची. दोन लांब आणि एक आखूड हा माझा हात आहे, गल्लीत दुसऱ्या कोणाचा नाही. आवाज बराच वेळ चालला. मग थांबला. आणि त्या शांततेत कोणीतरी एक फुंकर मारली. किल्ली पुरी झाली की मी तशीच फुंकर मारतो, कीस उडवायला. एकच, हळू.

मी भिंत धरत आतल्या जिन्याने खाली उतरलो. दुकानाचं शटर बंद होतं, हलवून पाहिलं तर बाहेरचं कुलूप तसंच होतं. आत काळोख. तेलाचा आणि ताज्या घासलेल्या पितळेचा वास येत होता आणि त्यात आणखी एक वास मिसळला होता, आंबट, घामाचा. ज्या चादरीतून मी उठून आलो होतो तिचाच. मी कामाच्या बाकावर हात ठेवला तर बोटांना पितळेचा कीस लागला. किल्ली पकडायचा शिकंजा कोमट होता. मग डोळे अंधाराला सरावले आणि तारेवर लाल दोऱ्याच्या हुकाला किल्ली दिसली.

किल्ली घेऊन वर गेलो, ताईच्या हातात दिली आणि म्हणालो, हीसुद्धा गळ्यात घाल. डबा उघडून दोघांनी बघितला. गोळ्या जिथल्या तिथे होत्या. तिने दुसरी किल्ली पहिलीशेजारी त्याच काळ्या दोऱ्यात ओवली आणि दोरा पदराखाली सारला. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता दोन्ही किल्ल्या ताईकडे आहेत म्हणजे चिंता नाही, असा माझा हिशेब. मूर्ख माणूस.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांत कठीण गेले. मी जे जे करेन असं सांगितलं होतं ते ते सगळं केलं. तिच्या दाराशी बसून घसा कोरडा होईपर्यंत रडलो. आईची शपथ घातली. तू माझी कोण लागतेस, असंही बोललो. दाराच्या पलीकडे ती हुंदके देत होती, मला ऐकू येत होतं, पण तिने दार उघडलं नाही. मी फरफटत पलंगावर गेलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण मनात कुठेतरी अभिमान वाटत होता. वाटलं, बहीण असावी तर अशी.

कानशीचा आवाज मात्र गेला नव्हता. दुपार झाली की खाली कोणीतरी असायचं. कधी स्टूल सरकायचं. कधी कण्हण्याचा आवाज यायचा, दाबलेला, दातांवर दात धरून काढलेला. मी ताईला विचारायचो, ऐकलंस का. ती म्हणायची, तुला भास होतायत, डॉक्टर म्हणाल्या होत्या. पहिल्या दिवशी माझ्यासमोर सुई हातात धरून तिने तो आवाज ऐकला होता, आणि आता ती माझ्या डोळ्यांत न बघता सांगत होती की भास आहे. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग एक दुपार अशी आली की माझे पाय शांत होते. जाग आली तेव्हा चादर कोरडी होती. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती. कंबर चाचपली, वाकून बघितलं. काही नाही. दुखण्याचा मागमूस नाही. मला एवढा आनंद झाला की कधी एकदा ताईला सांगतो असं झालं. ती स्वयंपाकघरात नव्हती. जिन्याचं दार उघडं होतं आणि खालून तिचा आवाज येत होता, लहानपणी माझा ताप उतरत नसे तेव्हाचा.

“हळू… हळू घे. पाणी पी आधी.”

मी अनवाणी अर्धा जिना उतरलो. शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती. ताई गुडघ्यांवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. काळा दोरा मानेवरून बाहेर आला होता. तिच्या पुढ्यात, माझ्या स्टुलावर, माझा निळा कामाचा कोट घालून कोणीतरी बसलं होतं. पुढे वाकून, दोन्ही हातांनी कंबर धरून. तोंड दिसत नव्हतं. डोक्याचा मागचा भाग दिसत होता, आणि तिथे जे पांढरे केस आहेत ते कुठे आहेत हे मला न्हाव्याने आरशात दाखवल्यामुळे माहीत आहे. ताईने हात पुढे केला. तिच्या तळहातावर गोळी होती. अर्धी नव्हे, पाव नव्हे. अख्खी.

ती गोळी उचलली गेली. मग तो माझ्या आवाजात म्हणाला, “ताई, फार दुखतंय गं.”

आणि ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तुम्ही मला सांगा, भीती वाटायला हवी होती की नाही? वाटलीच. पण त्याच्या आधी जे वाटलं ते वेगळं होतं. मी वर पलंगावर तडफडत होतो, तेव्हा माझ्या वाटणीची गोळी खाली जात होती. मला पाव आणि त्याला अख्खी. मी दाराशी बसून आईची शपथ घालत होतो तेव्हा हिने दार उघडलं नाही, आणि याच्यासाठी ही रोज जिना उतरत होती. तिने माझा केसाने गळा कापला होता, तोही माझ्याच हाताने घडवलेली किल्ली वापरून.

ती वर आली तेव्हा मी जेवणाच्या टेबलापाशी बसलो होतो. मी काही विचारायच्या आधीच ती रडायला लागली. म्हणाली, पहिल्यांदा तिला वाटलं तो मीच आहे. जिन्यात बसून रडत होतो, छोट्यासारखा. तिला राहवलं नाही, तिने दिली. वर येऊन बघते तर मी पलंगावर. तेव्हाच तिला समजलं.

“तरी दुसऱ्या दिवशी परत दिलीस,” मी म्हणालो.

“तुझं काय,” ती म्हणाली, “तू सोसशील. तुला माहीत होतं तू बरा होणार आहेस. त्याचं दुखणं खरं आहे रे. तो पडल्यापासून तसाच आहे…”

तिने डोळे पुसले आणि खाली बघत आणखी एक सांगितलं, त्या बोलण्याने माझं काळीज सगळ्यांत जास्त चिरलं. म्हणाली, तू आता माझ्याशी नीट बोलतही नाहीस. तो बोलतो. तो माझं ऐकतो.

गोळ्या पुढे संपल्या. बाईंनी ठरवून दिल्या होत्या तेवढ्याच होत्या, आणि त्या माझ्या नावावर संपल्या. मी खडखडीत बरा झालो. खरंच सांगतो, मी गेल्या कित्येक दिवसांत असा झोपलेलो नाही, असा जेवलेलो नाही. हात स्थिर आहेत, पाहा. परत दुकान उघडलं आहे. पण मी दुकान बंद करून वर गेलो की खाली कानस सुरू होते. आता तिला ताल नाही. नुसती घासते, घासते, घासते. सकाळी तारेवरच्या किल्ल्यांवर हात फिरवावा तर एकेकीचे दात घासून सपाट झालेले असतात. लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या किल्ल्या आहेत त्या. रोज दुकान उघडलं की मी आधी त्याच नव्या करतो. लाल दोऱ्याचा हूक मी काढून फेकला होता. तो परत तिथे आहे.

आणि ताई झुरतेय. जेवत नाही, शाळेत जात नाही. दिवसभर जिन्याच्या दाराशी बसून असते. काल संध्याकाळी माझ्यापाशी आली, माझा हात हातात घेतला, आणि मला वाटलं, आली बाई भानावर. तर म्हणाली, “एकदाच डॉक्टरांकडे जा. दुखतंय म्हण. तुला घ्यायची नाहीये, छोट्या… त्याच्यासाठी आण.”

मी हात सोडवून घेतला. साफ सांगितलं, जाईन, पण बरा आहे हे सांगायला जाईन. एकदा बाईंनी लिहून ठेवलं की हा माणूस बरा झाला, याला काही नको, की मग कोणीही कितीही कण्हलं तरी चिठ्ठी मिळणार नाही. ती भांडली नाही. उठून खाली गेली. आज मी चपला घालत होतो तेव्हा जिना चढून वर आली, शाल घेतली आणि म्हणाली, मीही येते. रस्ताभर माझ्या मागून चालत होती, फार हळू. मी दोनदा थांबलो तिच्यासाठी. दोन्ही वेळा ती एक हात कोपरात वाकवून चालत होती, कोणाला तरी आधार दिल्यासारखा.

म्हणून मी इथे बसलोय आणि ती तिथे. म्हणून विचारतोय, तुम्हाला समोर काय दिसतंय? रिकामी जागाच ना? मलाही तेच दिसतंय. या दिव्याचा उजेड तिथवर पोचत नाही.

थांबा, माझा नंबर पुकारला. बरं झालं. आत जातो, दोन वाक्यं बोलतो आणि…

ती का उठली?

ताई. ताई, नंबर माझा आहे.

बघा कशी चालतेय. कशी दम खात चालतेय, बघा. हात तसाच वाकवलेला. उंबऱ्यापाशी थांबली. काय म्हणाली ते ऐकलंत? “हळू, पायरी आहे.” कंपाउंडरही बाजूला सरकला. एका माणसासाठी सरकतात तेवढा नाही. दोघांसाठी सरकतात तेवढा.

दार लागलं. थांबा, मी बघतो. आतून कडी घातली आहे. अवजारं घरी राहिली माझी. डॉक्टर! अहो डॉक्टर, मी इथे आहे…

ऐका. बाई बोलतायत.

“या, या. बसा सावकाश. अरे, परत कमरेला हात? पुन्हा दुखायला लागलं का?”

उत्तर कोणी दिलं ते तुम्ही ऐकलंत ना? मी इथे दाराला कान लावून उभा आहे, माझं तोंड मिटलेलं आहे, हे तुम्ही बघताय ना? नंतर कोणी विचारलं तर सांगाल ना तसं?

पेन चालतंय. कागद फाडला.

आणि आता, अगदी हळू… ऐकलंत? फुंकर मारली कोणीतरी. एकच.